दोन पायांवरचा माणूस : ओवेन लव्हजॉय यांचे संशोधन

विद्यार्थी मित्रांनो, वर्गात उभे राहा आणि एक पाय उचला. क्षणभर तोल गेल्यासारखे वाटेल, पण तुम्ही पडणार नाही. आता हात उचललेल्या पायाच्या बाजूला नव्हे, तर ज्या पायावर उभे आहात त्या बाजूच्या कमरेवर ठेवा. तिथला स्नायू ताठ झालेला जाणवेल. चालताना प्रत्येक पावलाला आपण असेच एका पायावर उभे असतो. ही साधी गोष्ट आपल्या पूर्वजांना केव्हा आणि का जमू लागली, या प्रश्नाला अमेरिकेतील मानवशास्त्रज्ञ सी. ओवेन लव्हजॉय यांनी आपली कारकीर्द वाहिली. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकवतो. इतिहासाच्या या पाठाकडे मी वळलो तो या कमरेच्या स्नायूमुळेच.

आधी मेंदू की आधी पाय?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक विद्वानांचा समज असा होता, की माणसाचा मेंदू आधी मोठा झाला आणि बाकीचे बदल मागाहून आले. 1912 साली इंग्लंडमध्ये जाहीर झालेल्या पिल्टडाउनच्या कवटीने या समजाला बळ दिले. ती कवटी बनावट होती, हे सिद्ध व्हायला 1953 साल उजाडले. दरम्यान 1925 साली रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतील टाँग येथील लहान मुलाच्या कवटीचे वर्णन प्रसिद्ध केले. मेंदू लहान, पण मस्तक सरळ कण्यावर तोललेले, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य व्हायला बराच काळ गेला.

एक गुडघा आणि एक कंबर

1973 साली डोनाल्ड जोहान्सन यांना इथिओपियातील हदार येथे एका गुडघ्याच्या सांध्याची हाडे मिळाली. जोहान्सन क्लीव्हलँडच्या संग्रहालयात काम करत आणि लव्हजॉय जवळच्याच केंट स्टेट विद्यापीठात शिकवत. क्लीव्हलँडच्या संग्रहालयात तीन हजारांहून अधिक मानवी सांगाडे आणि वानरांच्या हाडांचा मोठा संग्रह आहे. तुलना करायला याहून चांगली जागा मिळणे कठीण. माणसाच्या मांडीचे हाड गुडघ्याकडे आत झुकलेले असते, त्यामुळे पाऊल शरीराच्या भाराखाली येते. चिंपांझीत हा झुकाव नसतो. हदारच्या गुडघ्यात तो होता. म्हणजे हा प्राणी दोन पायांवर चालत होता.

पुढच्याच वर्षी, 24 नोव्हेंबर 1974 रोजी, ‘ल्युसी’ सापडली. सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीची, उंची जेमतेम साडेतीन फूट, सांगाड्याचा सुमारे 40 टक्के भाग हाती आलेला. तिची डावी कटिअस्थी मात्र दबून वेडीवाकडी झाली होती. लव्हजॉय यांनी तिच्या साच्याचे तुकडे केले, ते पुन्हा योग्य जागी जुळवले आणि उजवी बाजू डावीच्या प्रतिबिंबावरून घडवली.

आता आपला फ्री बॉडी डायग्राम काढा. एका पायावर उभे असताना खुब्याचा सांधा हा टेकू. शरीराचा भार त्याच्या आतल्या बाजूला, तर कमरेच्या स्नायूची ओढ बाहेरच्या बाजूला. समजा, भाराचे टेकूपासूनचे अंतर स्नायूच्या अंतराच्या दुप्पट आहे. मग 50 किलो भार तोलायला स्नायूला 100 किलोइतकी ओढ द्यावी लागेल आणि सांध्यावर 150 किलोइतका दाब पडेल. चिंपांझीची कटिअस्थी उंच आणि मागे तोंड केलेली असल्याने हा स्नायू पाय मागे नेण्याचे काम करतो, बाजूने तोल धरत नाही. म्हणून दोन पायांवर चालताना चिंपांझी डोलतो. ल्युसीची कटिअस्थी बुटकी आणि बाजूला पसरलेली होती. लव्हजॉय यांच्या मते तिची तरफ आपल्यापेक्षाही सरस होती, कारण मोठ्या डोक्याचे मूल जन्माला घालण्याची तडजोड तिच्या शरीराला करावी लागली नव्हती. पाय आधी, मेंदू नंतर : उत्तर हाडांतच होते.

‘कसे’ कडून ‘का’ कडे

1981 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लव्हजॉय यांनी पुढचे पाऊल टाकले. नराने दुरून अन्न हातांत धरून मादीकडे आणावे, जोडीने राहावे, त्यामुळे पिल्ले अधिक जगावीत. हात मोकळे हवेत म्हणून दोन पाय, असा त्यांचा तर्क होता. त्यावर जोरदार टीका झाली. ल्युसीच्या जातीत नर मादीपेक्षा बरेच मोठे दिसतात, आणि असा फरक सहसा जोडीने राहणाऱ्या प्राण्यांत आढळत नाही, असे अनेकांनी म्हटले. मादी म्हणजे वाट पाहत बसणारी, हे गृहीत धरण्यालाही आक्षेप होता. तसेच 1983 साली स्टर्न आणि सुसमन यांनी ल्युसीच्या बोटांच्या वाकावरून ती झाडांवरही वावरत असावी, असे मांडले.

आर्डी

1994 साली टिम व्हाइट यांच्या पथकाला इथिओपियातील अरामिस येथे 44 लाख वर्षांपूर्वीचा ‘आर्डी’ हा सांगाडा मिळू लागला. हाडे इतकी ठिसूळ होती, की अभ्यासाला पंधरा वर्षे लागली. ऑक्टोबर 2009 मध्ये अकरा निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांतल्या अनेकांत लव्हजॉय यांचा वाटा होता. कंबरेचा वरचा भाग चालण्यास योग्य, खालचा भाग चढण्यास योग्य, पायाचा अंगठा फांदी पकडणारा, नरांचे सुळे लहान, आणि परिसर झाडीचा. उघड्या गवताळ माळावर आल्यामुळे माणूस उभा राहिला, या जुन्या कथेला त्याने धक्का दिला. आपला आणि चिंपांझीचा समान पूर्वज चिंपांझीसारखा नव्हता, असेही लव्हजॉय म्हणाले. हा वाद मिटलेला नाही. 2021 साली आर्डीच्या हाताच्या अभ्यासावरून काहींनी उलट निष्कर्ष काढला.

लक्षात ठेवण्याजोगे

लव्हजॉय यांच्या कामाचे दोन भाग वेगळे ठेवा. गुडघ्याचा कोन मोजता येतो. तो आजही टिकून आहे. अन्न कोणी कोणासाठी आणले, हे हाडावर उमटत नाही. ते अनुमान आहे. अनुमान करणे चूक नव्हे, त्याशिवाय प्रश्नच सुचत नाहीत. पण आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारा.

स्वाध्याय : खुब्याच्या सांध्यापासून स्नायूचे अंतर दीडपट केले, तर वरच्या उदाहरणात सांध्यावरचा दाब किती होईल? यावरून मांडीच्या हाडाच्या लांब मानेचा फायदा स्पष्ट करा.