समुद्रतळाची कैफियत

डेन्मार्कच्या लोलांड बेटासमोर व्हिंडेबी येथे १९९१ साली समुद्रातील पवनचक्क्यांचा पहिला ताफा उभा राहिला, तेव्हा त्यातील अकराही यंत्रे काँक्रीटच्या अवजड बैठकांवर केवळ स्वभाराने तळावर बसविली होती. पाणी उथळ, यंत्रे लहान, त्यामुळे मातीशी फारशी हुज्जत घालण्याचा प्रसंग स्थापत्यविशारदांवर आला नाही. पुढे खुल्या समुद्राकडे सरकताना पोलादाची एकच प्रचंड नळी तळात ठोकून तिच्यावर मनोरा उभारण्याची रीत रूढ झाली, आणि २००२ साली जटलंडच्या पश्चिमेस हॉर्न्स रेव्ह येथे सुमारे ४ मीटर व्यासाच्या नळ्यांवर ८० यंत्रे उभी राहिली.

या नळ्यांच्या हिशेबाची वही मात्र तेलाच्या धंद्याकडून उसनी घेतलेली होती. टेक्सासच्या मस्टँग बेटावर १९६६ साली वाळूत सुमारे २१ मीटर ठोकलेल्या, अवघ्या ०.६१ मीटर व्यासाच्या खांबांना बाजूने रेटा देऊन जी अनुमाने निघाली, तीच पुढे समुद्री बांधकामाच्या नियमावलीत दाखल झाली. असा बारीक खांब रेट्याखाली वाकतो. पवनचक्कीची आखूड व जाड नळी मात्र फारशी न वाकता सबंध कलू पाहते, तिचा तळ उलट दिशेला सरकतो, आणि तेथील मातीचा प्रतिकार व नळीच्या अंगावरील घर्षण यांना त्या जुन्या वहीत खातेच नव्हते.

शिवाय तेलाचा मंच आपल्या वजनाने जड असतो. पवनचक्की त्या मानाने हलकी, पण वाऱ्याचा रेटा तिला उंच शेंड्याशी बसतो, तोही आयुष्यभरात कोट्यवधी वेळा, त्यामुळे गुराच्या हिसक्यांनी खुंटा कलावा तशी ती अंशाअंशाने कलण्याची धास्ती असते. त्याहून नाजूक बाब मनोऱ्याच्या स्वाभाविक कंपनाची. चक्राच्या फेऱ्यांची गती आणि पात्यांच्या आवर्तनाची गती यांच्यामधील अरुंद पट्ट्यात ते कंपन बसवावे लागते, आणि त्याचा एक आधार मातीचा ताठरपणा हाच असतो. म्हणून अपेक्षेपेक्षा घट्ट जमीन लागली, तर घर बांधणारा जेथे सुटकेचा निःश्वास टाकील, तेथे या विशारदाला पुन्हा आकडेमोडीस बसावे लागते.

ही उसनवारी फेडण्याची तजवीज ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि पवनऊर्जेच्या कंपन्या यांनी मिळून २०१३ नंतर केली, आणि तीही कोरड्या जमिनीवर: यॉर्कशायरमधील काउडन येथील चिकणमातीत व फ्रान्समधील डंकर्कच्या दाट वाळूत खांब ठोकून त्यांना ओढून पाहण्यात आले. तळाच्या व घर्षणाच्या प्रतिकाराची नवी खाती तेव्हा कोठे उघडली गेली, आणि आजवर कित्येक ठिकाणी गरजेहून अधिक पोलाद समुद्रात ठोकले गेले असावे, असे मानण्यास आधार मिळाला. मात्र त्या कसोटीतील सर्वांत मोठा खांब २ मीटर व्यासाचा होता, आणि सध्या ठोकल्या जाणाऱ्या नळ्या १० मीटरच्या घरात पोहोचल्या आहेत.