धनी आणि चाकर एकच

भद्रावतीच्या भूमींत कोळसा आहे, तशी कुंभाराची मातीहि आहे. एक माणूस खाणींत उतरतो, दुसरा चाक फिरवितो. दोघांचेंहि हातावर पोट. परंतु तोच हात जायबंदी झाला, तर कायदा दोघांस सारखें लेखीत नसे.

१९२३ सालीं झालेला कामगार नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. अपघातांत चूक मालकाचीच होती, हें सिद्ध करण्याचें ओझें त्यानें खाणमजुराच्या डोक्यावरून उतरविलें. मजूर कांहीं काळच अंथरुणास खिळला, तरी त्यास पंधरवड्याच्या हिशेबानें भरपाई ठरली. मात्र या साऱ्या रचनेच्या मुळाशी एक प्रश्न होता : मालक कोण? कुंभार आपला आपणच धनी, आपणच चाकर. भट्टीपाशीं तो भाजला, तर त्यानें मागावें कोणाकडे?

२००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यानें अशा स्वयंरोजगारी माणसास कामगारांत स्थान दिलें. २०१५ सालीं प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आली. आरंभीं वर्षाला १२ रुपये हप्ता, अपघाती मृत्यु झाल्यास वारसांना २ लाख रुपये. कायमच्या अपंगत्वाचीहि तींत सोय झाली. परंतु हप्ता ज्याचा त्यानें भरावयाचा. आणि हात भाजल्यामुळें महिनाभर थांबलेल्या चाकाची भरपाई मात्र तींत नव्हती.