सिद्दिकी, ओबेद
(७ जानेवारी १९३२ – २६ जुलै २०१३). भारतीय आनुवंशिकीविज्ञ व तंत्रिकाविज्ञ. जन्म उत्तर प्रदेशातील बस्ती येथे. ग्लासगो विद्यापीठात ग्विदो पोंतेकोर्व्हो यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट संपादन केल्यावर, होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून त्यांनी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवविज्ञानाचा विभाग उभारला. ॲलन गॅरेन यांच्यासह जीवाणूंतील निरर्थक उत्परिवर्तनांच्या दमनाविषयी त्यांनी केलेले कार्य जनुकीय संकेताच्या उलगड्यास उपकारक ठरले. तर तापमान वाढताच निश्चेष्ट होणाऱ्या उत्परिवर्ती फलमाश्यांवरील त्यांचा व सीमोर बेंझर यांचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

वेरोनिका रॉड्रिग्ज या विद्यार्थिनीसह १९७८ मध्ये, परदेशी नियतकालिकाची वाट न धरता, भारतीय विज्ञान अकादमीच्याच कार्यवृत्तात त्यांनी प्रसिद्ध केलेला फलमाशीच्या गंध-रुचिसंवेदनेचा जनुकीय अभ्यास घ्राणविज्ञानाच्या वाङ्मयात आजही आवर्जून उल्लेखिला जातो. बंगलोर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे ते संस्थापक-संचालक होते. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (१९८४) व पद्मविभूषण (२००६) हे सन्मान त्यांना लाभले. बंगलोर येथे त्यांचे निधन झाले.