हजेरीपट आणि परीक्षेचा निकाल

श्रोतेहो, दिवाळी सरली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालची शिवारे कापसाने पांढरी होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोदकडच्या गुरुजींना हे मी सांगायला नको. वर्गात बसल्याने मार्क वाढतात का, हा एक प्रश्न. आणि सक्तीने बसवल्याने वाढतात का, हा दुसरा. आपण दोन्ही एकच समजतो, आणि गफलत होते ती तिथेच. म्हणून जरा मागे जाऊन पाहू.

इंग्लंडात १८६२ साली सरकारने ठरवले की, शाळेला पैसा द्यावयाचा तो मुलांची हजेरी आणि परीक्षेचा निकाल पाहून. वर्षात दोनशे वेळा हजर राहिलेल्या मुलाचीच वाचन, लेखन आणि हिशेब यांत परीक्षा व्हावयाची. नापास झाला की त्या विषयाचा पैसा कापला. झाले काय? तपासनीस यायच्या आधी मुलांकडून पुस्तक तोंडपाठ करून घेण्याची चाल पडली. पट भरला, घोकंपट्टी वाढली. निकालावर अनुदान देण्याची ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यातही आली.

त्यानंतर वीस वर्षांनी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन मांडले. शेतकऱ्याची मुले शाळेत का येत नाहीत, याचे कारण त्यांनी सरळ सांगितले: घरचे दारिद्र्य, आणि गुरे राखायला व शेत सांभाळायला लागणारे हात. उपाय म्हणून त्यांनी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे मागितली, आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीही मागितली. ध्यानात घ्या मंडळी, सक्ती त्यांनाही हवीच होती. पण नुसती सक्ती नव्हे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड! त्या काळी रुपया म्हणजे मजुराला काही दिवसांची कमाई. या दंडाची गोष्ट आपण पुष्कळदा सांगतो, पण तिच्या आधीची गोष्ट विसरतो. महाराजांनी पहिले वसतिगृह उघडले ते १९०१ साली. म्हणजे सोळा वर्षे आधी मुलाच्या राहण्याजेवणाची सोय, आणि मग दंड. माझ्या मते त्या कायद्याचे खरे बळ या क्रमात होते.

आता कॉलेजकडे वळू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले. गंमत अशी की, लंडनने दुसऱ्याच वर्षी, १८५८ साली, कॉलेजात हजर राहण्याची अट काढून परीक्षा सर्वांना मोकळी केली. आपल्याकडे मात्र 'टर्म भरणे' राहिले. टर्म भरली नाही तर परीक्षेला बसता येत नसे, मग विषय कितीही तयार असो. नागपूरला विद्यापीठ झाले १९२३ साली. मेहकर-चिखलीच्या मुलाला टर्म भरायची म्हणजे परगावी खोली, खानावळ आणि फी, सगळे आले. अमरावतीला पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद वसतिगृह काढले, त्याचे मोल अशा मुलांना विचारावे. पुढे १९८३ साली अमरावतीला वेगळे विद्यापीठ झाले आणि आपला जिल्हा त्याला जोडला गेला. तालुक्याच्या गावी कॉलेजे निघाली, एस.टी.ने जाऊन येऊन शिकता येऊ लागले. ज्यांना तेही जमत नाही, त्यांच्यासाठी १९८९ पासून नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे.

पण नेहमीच्या कॉलेजात हजेरी आहेच, साधारण ७५ टक्के. हिशेब करून पाहा. सत्राचे नव्वद दिवस धरले तर अडुसष्ट दिवस हजेरी लागते. बावीस दिवस चुकले तर चालतात. पावसाळ्यात चार-आठ दिवस रस्ता बंद, चार दिवस ताप, आणि मग सत्राच्या शेवटी वेचणी. आजारपणाला डॉक्टरचा दाखला मिळतो. मजूर मिळाले नाहीत म्हणून आईबरोबर कापूस वेचला, याचा दाखला कोण देणार?

मग हजेरीने मार्क वाढतात की नाही? अमेरिकेत मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ अभ्यास एकत्र तपासून २०१० साली निष्कर्ष मांडला. कॉलेजात नियमित येणाऱ्यांचे मार्क चांगले असतात. आधीच्या परीक्षांच्या गुणांपेक्षाही हजेरीवरून निकालाचा अंदाज बरा बांधता येतो. परंतु सक्तीच्या नियमाने सरासरी गुणांत पडलेली भर थोडीच आढळली. म्हणजे जो आपणहून येतो, त्याच्या अंगी येण्याबरोबर आणखीही काही असते. नियम फक्त येणे आणतो.

दिल्लीच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरता निकाल दिला: हजेरी कमी म्हणून परीक्षेपासून अडवू नये, फार तर अंतिम गुणांत पाच टक्क्यांपर्यंत कपात करावी. अडवणे आणि गुण कापणे यांत फरक मोठा आहे. अडवलेल्याचे सत्र जाते, आणि शेतकऱ्याच्या घरात गेलेले सत्र बहुधा पुन्हा येत नाही. मुलगा शेतातच राहतो, मुलीचे लग्न ठरते. गुण कापलेला विद्यार्थी निदान पुढच्या वर्गात असतो.

गुरुजी, यंदा वेचणीच्या महिन्यात पट भरताना गैरहजेरीच्या खुणेपुढे कारणही लिहून ठेवा. निकाल लागला की ती पाने पुन्हा काढून शेजारी ठेवा.