चंद्रपूर व गडचिरोली वनक्षेत्रातील पायी गस्त

पायी गस्त म्हणजे वनक्षेत्राचे संरक्षण व पाहणी यांसाठी, वाहनाचा आधार न घेता, नेमून दिलेल्या हद्दीत चालत घातलेली नियमित फेरी होय. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत सलग व विस्तीर्ण जंगल असल्याने येथे पायी गस्तीला विशेष महत्त्व आहे. वाघांची व त्यांच्या भक्ष्य प्राण्यांची गणना, शिकारीला आळा, वणव्यांचा शोध, पाणवठ्यांची देखभाल आणि गडचिरोलीत पोलिसांची नक्षलविरोधी शोधमोहीम ही सर्व कामे मोठ्या प्रमाणात चालूनच केली जातात. या जंगलांविषयीची पुष्कळशी मूलभूत माहिती पायी गस्तीतून मिळते आणि ती मिळवताना वन कर्मचाऱ्यांना जिवाची जोखीम पत्करावी लागते.

भूप्रदेश

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा बहुतांश भाग वनाच्छादित आहे. वैनगंगा नदी या दोन जिल्ह्यांची सीमा आखत दक्षिणेकडे वाहते आणि वर्धा नदीला मिळाल्यावर प्राणहिता या नावाने ओळखली जाते. गडचिरोलीच्या दक्षिण व पूर्व भागांत गोदावरी, इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा परिसरात १९३५ मध्ये शिकारबंदी करण्यात आली. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य स्थापन झाले आणि पुढे १९९० च्या दशकात ही दोन्ही क्षेत्रे मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आकारास आला. या प्रकल्पाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा असून त्याभोवतीचे बफर क्षेत्र सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचे आहे. गडचिरोली जिल्ह्यात चपराळा, भामरागड व प्राणहिता ही अभयारण्ये आणि रानम्हशींसाठी ओळखले जाणारे कोलामार्का हे संवर्धन क्षेत्र आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, हलदू, तेंदू, मोह व बांबू या येथील प्रमुख वनस्पती आहेत. उन्हाळ्यात पानगळीमुळे दूरवर दिसणारे हे जंगल पावसाळ्यात इतके दाट होते की, काही पावलांवरील प्राणीही नजरेस पडत नाही.

प्रशासकीय रचना

वनविभागात जंगलाची विभागणी वनवृत्त, वनविभाग, वनपरिक्षेत्र, क्षेत्र आणि नियतक्षेत्र अशा उतरत्या क्रमाने केली जाते. चंद्रपूर वनवृत्तात चंद्रपूर, ब्रह्मपुरी व मध्य चांदा हे विभाग येतात, तर गडचिरोली वनवृत्तात गडचिरोली, वडसा, आलापल्ली, भामरागड व सिरोंचा हे विभाग येतात. नियतक्षेत्र हा सर्वांत लहान घटक असून तो ‘बीट’ या नावाने अधिक परिचित आहे. त्याची जबाबदारी वनरक्षकाकडे असते. काही नियतक्षेत्रे मिळून वनपालाचे क्षेत्र होते आणि त्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी देखरेख ठेवतो. नियतक्षेत्राचे आणखी लहान भाग पाडून त्यांना कक्ष क्रमांक दिलेले असतात. गस्तीच्या नोंदी या कक्ष क्रमांकांनुसार होतात.

वनरक्षकाबरोबर सहसा जवळच्या गावांतील वनमजूर असतात. जंगलाच्या आतील भागात संरक्षण कुट्या उभारलेल्या असून तेथे मुक्काम करून कर्मचारी आसपासच्या कक्षांत फेऱ्या करतात. व्याघ्र प्रकल्पात विशेष व्याघ्र संरक्षण दलही गस्त घालते.

गस्तीचे स्वरूप

पायी गस्तीत वनरक्षक नाले, पायवाटा, जनावरांच्या वाटा, डोंगराच्या सोंडा व पाणवठे यांच्या कडेने चालतो. तारेचे फासे, लोखंडी सापळे, विजेच्या तारांना जोडलेले आकडे, पाण्यात कालवलेले विष, तोडलेल्या झाडांचे बुंधे आणि परक्या माणसांच्या वावराच्या खुणा यांचा शोध घेणे हे त्याचे प्रमुख काम असते. यांतील बहुतेक गोष्टी रस्त्यापासून दूर व मुद्दाम लपवलेल्या असल्याने वाहनातून त्या दिसत नाहीत.

ऋतूनुसार गस्तीचा भर बदलतो. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर व वणव्यांवर लक्ष ठेवावे लागते. मोहफुलांच्या व तेंदूपत्त्याच्या हंगामात गावकरी मोठ्या संख्येने जंगलात असल्याने माणूस व वाघ यांची गाठ पडू नये याची दक्षता घ्यावी लागते. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते आणि कच्चे रस्ते वाहनांसाठी निरुपयोगी होतात. त्या काळात पर्यटकांची वर्दळ नसल्याचा फायदा शिकारी घेऊ शकतात, म्हणून पावसाळी गस्त अधिक महत्त्वाची मानली जाते.

पूर्वी गस्तीची नोंद दैनंदिनीत हाताने केली जात असे. २०१० पासून देशातील व्याघ्र प्रकल्पांत ‘एम-स्ट्राइप्स’ ही संगणकीय प्रणाली टप्प्याटप्प्याने लागू झाली. तिच्या भ्रमणध्वनी उपयोजनात उपग्रहाच्या साहाय्याने चालण्याचा मार्ग, अंतर व वेळ यांची आपोआप नोंद होते. त्यामुळे कोणता कक्ष किती दिवस पाहणीविना राहिला, हे वरिष्ठ अधिकाऱ्यांना नकाशावर पाहता येते.

व्याघ्रगणनेतील पायी सर्वेक्षण

१९६० च्या दशकापासून भारतात वाघांची गणना पाऊलखुणांचे ठसे घेऊन केली जात असे. या पद्धतीतील त्रुटी, विशेषतः राजस्थानातील सारिस्का येथील वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाल्यानंतर, प्रकर्षाने लक्षात आल्या. त्यानंतर २००६ पासून दर चार वर्षांनी नव्या शास्त्रीय पद्धतीने अखिल भारतीय व्याघ्रगणना होऊ लागली. तिचा पहिला टप्पा वन कर्मचाऱ्यांच्या पायी सर्वेक्षणाचा आहे.

या टप्प्यात प्रत्येक नियतक्षेत्रात दोन प्रकारची चाल असते. पहिल्या प्रकारात कर्मचारी वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रे अशा प्राण्यांच्या खुणा शोधत सुमारे ५ किलोमीटरच्या वाटा चालतात. पाऊलखुणा, विष्ठा, झाडांवरील व जमिनीवरील ओरखडे यांची नोंद केली जाते. एका नियतक्षेत्रात अशी किमान १५ किलोमीटरची चाल अपेक्षित असते.

दुसऱ्या प्रकाराला ‘ट्रान्झेक्ट लाइन’ म्हणतात. ही जंगलातून आखलेली सुमारे २ किलोमीटरची सरळ रेषा असते. तिच्यावरून पहाटे, सलग काही दिवस, शांतपणे चालत जाऊन चितळ, सांबर, नीलगाय, रानगवा, रानडुक्कर इत्यादी प्राण्यांची संख्या, त्यांचे अंतर व दिशा टिपली जाते. त्याच रेषेवर ठरावीक अंतराने थांबून लेंड्या, झाडोरा आणि मानवी वावराच्या खुणाही नोंदवल्या जातात. रेषा रस्त्याला धरून नसण्यामागे शास्त्रीय कारण आहे. काही प्राणी रस्ता टाळतात, तर काही त्याचा वापर करतात. त्यामुळे केवळ रस्त्यावरून केलेल्या नोंदींतून जंगलाचे चित्र एकांगी येते. रेषेपासून प्राणी जितका दूर तितकी तो दिसण्याची शक्यता कमी, या तत्त्वावर न दिसलेल्या प्राण्यांचे प्रमाणही गणिताने काढता येते.

पुढील टप्प्यात स्वयंचलित कॅमेरे लावले जातात. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना प्रत्येक प्राण्यात वेगळी असल्याने छायाचित्रांवरून त्याची ओळख पटते. कॅमेरा कोठे बांधावा हे मात्र आधीच्या पायी सर्वेक्षणात सापडलेल्या खुणांवरून ठरवले जाते. २०१८ च्या गणनेत देशभरात सुमारे ५ लाख २३ हजार किलोमीटर, तर २०२२ च्या गणनेत सुमारे ६ लाख ४१ हजार किलोमीटर पायी सर्वेक्षण झाले. महाराष्ट्रातील वाघांची अंदाजित संख्या या दोन गणनांत अनुक्रमे ३१२ व ४४४ होती.

पर्यटन मार्ग व उर्वरित जंगल

ताडोब्यातील पर्यटक मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी अशा प्रवेशद्वारांतून उघड्या वाहनांत बसून ठरावीक रस्त्यांवर फिरतात. २०१२ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातील जास्तीत जास्त २० टक्के भागात नियंत्रित पर्यटनास मुभा आहे. साहजिकच गाभ्याचा फार मोठा भाग पर्यटकांच्या नजरेस कधीच येत नाही. पर्यटकांमध्ये प्रसिद्ध झालेले वाघ हे प्रामुख्याने रस्त्यालगत व पाणवठ्यांवर वावरणारे असतात. उर्वरित भागातील वाघ व अन्य प्राणी यांविषयीची माहिती गस्त घालणाऱ्यांच्या नोंदींतून व कॅमेऱ्यांतूनच उपलब्ध होते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राणी मोजण्याची प्रथाही या भागात आहे. आता तिचे स्वरूप प्रामुख्याने निसर्गानुभवाचे असून अधिकृत व्याघ्रसंख्येसाठी तिचा आधार घेतला जात नाही.

गडचिरोलीतील परिस्थिती

गडचिरोलीत पायी फिरण्याची कारणे काही अंशी वेगळी आहेत. जिल्ह्याच्या दक्षिण भागात रस्ते व पूल दीर्घकाळ अपुरे होते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा आलापल्लीशी असलेला संपर्क तुटत असे आणि पलीकडील गावांना पायवाटांचाच आधार उरत असे.

१९८० च्या दशकापासून जिल्हा नक्षलवादाने ग्रासला. नक्षलविरोधी कारवायांसाठी १९९० मध्ये ‘सी-६०’ हे पोलिसांचे विशेष पथक स्थापन झाले. त्यात स्थानिक तरुणांची भरती करण्यात आली, कारण जंगलातील वाटा व गोंडी, माडिया या भाषा त्यांना अवगत होत्या. रस्त्यांखाली भूसुरुंग पेरण्याच्या नक्षलवाद्यांच्या तंत्रामुळे वाहनाने जाणे अनेकदा पायी जाण्यापेक्षा धोकादायक ठरते. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडाजवळ झालेल्या भूसुरुंग स्फोटात वाहनातून जाणारे १५ पोलीस व चालक मृत्युमुखी पडले. अशांततेचा परिणाम वन्यजीव सर्वेक्षणावरही झाला आणि दुर्गम भागांत नियमित पायी पाहणी करणे वन कर्मचाऱ्यांना कठीण गेले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. कळपाचा माग काढणे व पुढील गावांना सावध करणे हे वन कर्मचाऱ्यांसाठी नवे काम ठरले.

जोखीम

पायी गस्तीतील सर्वांत मोठा धोका वाघ, अस्वल व रानडुक्कर यांच्याशी अचानक गाठ पडण्याचा असतो. साप, उष्माघात व हिवताप हे धोकेही नित्याचे आहेत. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्याच्या कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेपूर्वीच्या पायी सर्वेक्षणाचे काम करताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यांच्यासोबत तीन वनमजूर होते. वाटेवर वाघीण बसलेली दिसल्याने पथकाने काही वेळ वाट पाहिली होती व त्यानंतर झाडीतून वळसा घेताना हा हल्ला झाला. या घटनेनंतर ताडोब्यातील पायी सर्वेक्षण काही काळ थांबवण्यात आले आणि पथकाची संख्या, सुरक्षासाधने व कर्मचाऱ्यांचे विमासंरक्षण हे प्रश्न चर्चेत आले.

हाच धोका जंगलालगतच्या गावकऱ्यांनाही असतो. चंद्रपूर जिल्ह्यात, विशेषतः ब्रह्मपुरी विभागात, सरपण, मोहफुले व तेंदूपत्ता गोळा करताना तसेच गुरे चारताना वाघाच्या हल्ल्यात अनेकांचा बळी गेला आहे. वनरक्षकाप्रमाणेच या लोकांनाही जंगलात चालत जाण्यावाचून पर्याय नसतो.

स्थानिक ज्ञान

गस्तीतील वनमजूर व वाटाडे बहुधा गोंड, माडिया, माना, कोलाम अशा स्थानिक समाजांतील असतात. नाल्यांची, टेकड्यांची, बोड्यांची व जुन्या गावठाणांची त्यांना ठाऊक असलेली अनेक नावे छापील नकाशांत आढळत नाहीत. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांना असे हक्क मिळाले. या हक्कांबरोबर जंगलाच्या रक्षणाची व व्यवस्थापनाची जबाबदारीही ग्रामसभांकडे आली.

पूर्व विदर्भातील वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी जंगलातील दीर्घ वास्तव्यात व भटकंतीत आदिवासींकडून पशू, पक्षी व वृक्षांची नावे जमवली. त्यांच्या ‘पक्षिकोश’ या ग्रंथातून मराठीच्या वन्यजीवविषयक शब्दसंपदेत मोलाची भर पडली.

व्हिडिओ खेळांतील समांतर संकल्पना

विस्तीर्ण प्रदेश चालत पालथा घालण्याची कल्पना ‘ओपन वर्ल्ड’ प्रकारच्या व्हिडिओ खेळांतही आढळते. अशा खेळांत नकाशावरील एखादे ठिकाण निवडून तेथे तत्काळ पोहोचण्याच्या सोयीला ‘फास्ट ट्रॅव्हल’ म्हणतात. ‘मॉरोविंड’ (२००२) या खेळात नकाशावरून अशी थेट उडी घेता येत नव्हती. त्याच मालिकेतील ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) मध्ये ती सोय आली. तिच्यामुळे वेळ वाचतो, मात्र दोन ठिकाणांमधला प्रदेश अनोळखी राहतो, असे मानणारे खेळाडू स्वेच्छेने ती टाळतात. ‘फॉलआउट ४’ या खेळाच्या २०१६ मध्ये सुधारलेल्या ‘सर्व्हायव्हल’ प्रकारात ती सोय मुळातच बंद ठेवलेली आहे.

दोन्हींतील फरक विस्ताराचा व परिणामांचा आहे. ‘स्कायरिम’ (२०११) या गाजलेल्या खेळाचा नकाशा सुमारे ३७ चौरस किलोमीटरचा मानला जातो. ताडोब्याचा केवळ गाभाच त्याच्या सोळा पटींहून मोठा आहे. शिवाय खेळात मृत्यू आल्यास मागील नोंदीपासून पुन्हा आरंभ करता येतो.

मर्यादा

पायी गस्तीला मनुष्यबळाची मर्यादा आहे. एका वनरक्षकाला एका दिवसात आपल्या नियतक्षेत्राचा थोडाच भाग पाहता येतो आणि पदे रिक्त असल्यास एकाकडे अनेक नियतक्षेत्रांचा भार येतो. दाट झाडीत नोंदींची अचूकता चालणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असते. गळपट्ट्यांद्वारे वाघांचा माग, स्वयंचलित कॅमेरे व ड्रोन यांमुळे काही कामे सुकर झाली आहेत. तथापि कॅमेरा बांधणे, त्यातील माहिती आणणे, जमिनीलगतचा फासा शोधणे आणि मृत प्राण्यापर्यंत पोहोचणे यांसाठी आजही माणसाला जंगलात चालत जावे लागते.