शाळेत काय घडवावे : झाडीपट्टीतील लोखंडाचा एक जुना प्रश्न

माध्यमिक शाळेच्या कार्यशाळेत वेल्डिंगचे यंत्र येऊन बसले, भिंतीवर काळ्या काचेचे मुखवटे टांगले गेले, आणि नववीच्या मुलांनी लोखंडाच्या दोन पट्ट्या थरथरत्या हातांनी का होईना पण एकमेकींस सांधून दाखविल्या, म्हणजे त्यानंतर शिक्षकापुढे जो प्रश्न उभा राहतो तो यंत्राचा, विजेचा अथवा अनुदानाचा नसतो. या मुलांकडून आता घडवून घ्यावे तरी काय, हा तो प्रश्न होय. वरकरणी तो क्षुल्लक दिसतो, आणि बहुधा तो कपाटात उरलेल्या लोखंडाच्या हिशेबाने किंवा परीक्षकाच्या सोयीने सोडविला जातो. परंतु या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, त्यावर देशोदेशींच्या शिक्षणवेत्त्यांनी परस्परविरुद्ध मते हिरिरीने मांडली आहेत, आणि त्या वादाचे एक महत्त्वाचे अधिवेशन आपल्या विदर्भातच, वर्ध्यास, भरले होते.

मौजे मुर्री, तालुका गोंदिया, हे गाव या प्रश्नाच्या विचारासाठी मी मुद्दाम डोळ्यांपुढे ठेवतो. कारण एकीकडे धानाच्या बांध्या आणि दुसरीकडे रेल्वे, राइस मिली व गेट-ग्रिलची दुकाने यांनी गजबजलेले गोंदिया शहर, अशा दोन संस्कृतींच्या सीमेवर असलेल्या गावात लोखंडाचे जुने आणि नवे असे दोन्ही व्यवहार एकाच नजरेच्या टप्प्यात येतात. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत झाडीपट्टीतील हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे, आणि भंडाऱ्याची कीर्ती धातूच्या संदर्भात होती ती मुख्यतः पितळेच्या भांड्यांसाठी. लोखंडाला तशी कीर्ती कधी लाभली नाही. ते शेतात राबले आणि झिजून गेले.

मालगुजारीच्या अमलात, म्हणजे १९५१ साली ती पद्धती मोडीत निघेपर्यंत, गावच्या लोहाराने काय घडवावे हे ठरविण्याचा प्रसंग लोहारावर सहसा येतच नसे. नांगरामागे ठराविक धान्य हा त्याचा दस्तूर. त्याच्या मोबदल्यात फाळ शेवटणे, विळ्याला धार लावणे, कुऱ्हाडीला पाणी देणे ही त्याची कामे. आणि ती कामे कोणत्या महिन्यात कोणत्या क्रमाने यावयाची हे पावसाने, रोवणीने आणि कापणीने ठरवून ठेवलेले. त्याच्या हातून होणारे सर्वांत अवघड काम म्हणजे गाडीच्या चाकाची धाव. लोखंडी पट्टी वर्तुळाकार वाकवून तिची दोन टोके पांढरी होईतो तापवावयाची, मध्ये वाळू टाकून मळी वितळवावयाची आणि घणाच्या घावांनी ती टोके एकजीव करावयाची. मग ती अखंड धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करून लाकडी चाकावर चढवावयाची आणि पाण्याच्या भडिमाराने आकसवून चाकाला जखडून टाकावयाची. आज ज्याला आपण वेल्डिंग म्हणतो त्याचे हेच मूळ रूप, आणि विजेचा खांब गावात येण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या ते झाडीपट्टीत नांदत होते. सांधा कच्चा राहिला तर चाक रानातल्या वाटेवर उकलणार आणि गाडीवान लोहाराच्या दारात येऊन उभा राहणार. याहून कडक परीक्षामंडळ अद्याप कोणत्याही सरकारने नेमलेले नाही.

त्याही मागे जावयाचे तर मैकल पर्वतराजीतील आगरिया या लोकांकडे जावे लागते. मातीच्या छोट्या भट्टीत कोळसा आणि खनिज दगड घालून, पायांनी भाते दाबीत, ते दगडातूनच लोखंड काढीत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली या जमातीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि लोहासुर, कोयलासुर व अग्यासुर, म्हणजे लोखंड, कोळसा आणि अग्नी यांची तीन दैवते, तिच्या कथांसह नोंदवून ठेवली. कारखान्यातून स्वस्त लोखंड बाजारात येऊ लागल्यावर या भट्ट्या विझत गेल्या.

ते स्वस्त लोखंड आणले रेल्वेने. नागपूर-छत्तीसगड हा मूळचा मीटरगेज मार्ग १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ताब्यात घेऊन रुंद केला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरपर्यंत सातपुड्याचा नॅरोगेज मार्ग गेला, तेव्हा गोंदिया हे जंक्शन झाले. धान येथे येऊन तांदूळ होऊन बाहेर जाऊ लागला. राइस मिल म्हणजे चाळण्या, बकेट एलिव्हेटर, हॉपर, शाफ्ट आणि पट्टे यांचे एक अखंड झिजणारे जंगल असते. त्यामुळे मिलीच्या पाठोपाठ दुरुस्तीची दुकाने आली, आणि प्रथम कार्बाइडच्या गॅसवर, पुढे विजेच्या कमानीवर लोखंड सांधणारे कारागीर आले. याच सुमारास तुमसरकडील चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगेनीजच्या खाणी उघडल्या होत्या. मँगेनीज पोलादातील प्राणवायू शोषून घेते म्हणून वेल्डिंगच्या रॉडवरील लेपातही त्याचा अंश असतो. तेव्हा मुर्रीचा एखादा मुलगा सांध्यावरचा स्लॅग हातोडीने ठोकून काढतो, त्यात आपल्याच जुन्या जिल्ह्याचे खनिज कधी काळी मिसळलेले असणे अशक्य नाही. भूगोलाच्या शिक्षकांनी ही गोष्ट अवश्य सांगावी.

आता शाळेकडे वळू. रशियन वैज्ञानिकांनी, १८८१ साली बेनार्दोस यांनी कार्बनच्या आणि १८८८ साली स्लाव्यानोव यांनी धातूच्याच कांडीने, विजेची कमान लोखंड वितळविण्यास जुंपली. परंतु त्याच देशाने जगाला दिलेली आणखी एक देणगी आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक प्रभावी ठरली. मॉस्कोच्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलचे संचालक व्हिक्टर डेला व्होस यांनी १८६८ च्या सुमारास अशी पद्धती बसविली की विद्यार्थ्याने उपयोगाची वस्तू करावयाची नाही. हुन्नराचे पृथक्करण करून कानस मारणे, छेदणे, सांधणे अशा एकेका क्रियेचा नमुना क्रमाक्रमाने करावयाचा. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हे नमुने ओळीने मांडलेले पाहून अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मोहित झाले, आणि ती पद्धती जगभर पसरली. हिच्या अगदी उलट फिनलंडचे उनो सिग्नेयस आणि स्वीडनमधील नेस येथील ओटो सालोमन यांचा ‘स्लॉइड’ पंथ. मुलाने पहिल्या दिवसापासून घरात वापरता येईल अशीच वस्तू करावी, वस्तूंचा क्रम सोप्याकडून कठिणाकडे असावा, आणि पुरी झालेली वस्तू त्याने घरी न्यावी, असा त्यांचा आग्रह. डेला व्होस यांची पद्धती शिक्षकाला सोयीची आहे, शंभर मुलांना एकाच वेळी शिकविता येते आणि गुण देणे सोपे जाते, हे मान्य करूनही तिच्यातील एक न्यून लपत नाही : तिच्यात बनविलेली वस्तू कोणालाच नको असते.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षणपरिषद भरली, तीत हाच प्रश्न भारतीय दारिद्र्याच्या संदर्भात पुन्हा उभा राहिला. उद्योगातून शिक्षण आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेचा निदान काही खर्च, ही गांधीजींची मांडणी. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने सूत, सुतारकाम, शेती, बागाईत, चामड्याचे काम असे उद्योग सुचवून शिवाय स्थानिक परिस्थितीस अनुकूल असा अन्य कोणताही उद्योग घेण्याची मुभा ठेवली. माझ्या मते त्या अहवालातील सर्वांत दूरदृष्टीची तरतूद हीच होय, आणि दुर्दैवाने सर्वांत कमी वापरली गेलेलीही हीच. परिषदेत प्रा. के. टी. शाह यांनी विरोधी सूर लावला होता. शाळकरी मुलांचा माल बाजारात आला तर पोटासाठी राबणाऱ्या कारागिराशी त्याची स्पर्धा होईल, हा त्यांचा आक्षेप आजही खोडून काढण्याजोगा नाही. गोंदियाच्या रस्त्यावरील वेल्डिंगवाल्याने तो उद्या शाळेच्या फाटकाशी येऊन मांडला तर मुख्याध्यापकांना त्याचे उत्तर द्यावे लागेल. मध्यप्रांतात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजनेचा प्रयोग आरंभिला, पण तिचा भर जमिनीच्या उत्पन्नावर होता. टकळी शाळाशाळांतून फिरली. भाता मात्र शाळेत आला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहूद्देशीय शाळांची शिफारस केली, तांत्रिक शाखा निघाल्या, औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर डेला व्होस यांचे नावही न घेता त्यांची पद्धती आपल्याकडे स्थायिक झाली. ‘जॉब’ हा शब्द ज्यांनी ऐकला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. चौकोनी तुकडा कानसून गुण्याखाली धरावयाचा, लॅप जॉइंट, बट जॉइंट, टी जॉइंट करावयाचे, त्यावर रोल नंबर ठोकावयाचा, परीक्षकाची सही झाली की तो जॉब भंगाराच्या ढिगात टाकावयाचा. हाताला वळण लागते, यात शंका नाही. परंतु वर्षभराचा घाम भंगाराच्या भावाने मोजला जातो हे न कळण्याइतका पंधरा वर्षांचा मुलगा भोळा नसतो.

या रूढीला महाराष्ट्रात ज्यांनी खरे आव्हान दिले ते डॉ. श्रीनाथ कलबाग. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधकाची प्रतिष्ठेची जागा सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम काढला, आणि अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन व गृह-आरोग्य अशा चार अंगांचा जो अभ्यासक्रम त्यांनी रचला, तो पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने मान्य केला. त्यातील मर्म असे की मुलांचे काम गावाची सेवा म्हणून करावयाचे आणि गावाने त्याचे मोल द्यावयाचे. पैसे देणारा मनुष्य वस्तू हलवून पाहतो, तिच्यावर बसून पाहतो, नावे ठेवतो. आणि त्या नावे ठेवण्यातून जे शिक्षण होते ते गुणपत्रिकेतून होत नाही. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात शाळकरी मुले ट्रेलर आणि गुरांच्या गव्हाणी वेल्ड करून ह्यूस्टनच्या पशुप्रदर्शनात जाणत्या शेतकऱ्यांपुढे मांडतात, त्याचेही रहस्य हेच.

मग मुर्रीच्या मुलांनी काय करावे? ट्रॅक्टरचे केजव्हील हे नाव प्रथम ओठांवर येईल, कारण चिखलणीच्या दिवसांत या भागातील बांध्यांतून तेच फिरते आणि त्याच्या पट्ट्या सदैव तुटतात. परंतु चिखलात ट्रॅक्टरचा सारा भार पेलणाऱ्या चाकाचा सांधा शाळकरी हाताच्या भरवशावर सोडणे मला अप्रशस्त वाटते. ते मोडले तर माणूस जायबंदी होतो. झिंक चढविलेल्या पाइपची कामेही टाळावीत, त्याचा पांढरा धूर ताप आणतो. शोभेची फुले, मोर आणि नावाच्या पाट्या यांविषयी तर मी बोलतच नाही.

माझे मत पाण्याचा माठ ठेवावयाच्या घडवंचीला. २५ × २५ × ३ मिलिमीटरचा अँगल सहा मीटर लांबीचा मिळतो, मीटरला त्याचे वजन सुमारे १.१ किलो भरते, आणि त्यात ४५ सेंटिमीटरचे तेरा तुकडे पडतात : चार पाय, चार वरची चौकट, चार खालचे बंध आणि एक आडवी पट्टी. कापणीचा हिशेब हाच गणिताचा तास. प्रथम नुसते टाके मारावेत, गुण्या लावावा, दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत याची खातरी करावी, आणि मगच समोरासमोरच्या कोपऱ्यांतून आलटून पालटून पूर्ण सांधा भरावा. कारण थंड होताना लोखंड ओढले जाते, आणि घाई करणाऱ्याची चौकट तिरकी होते. बारा नंबरच्या रॉडने तीन मिलिमीटरच्या अँगलला भोक न पाडता सांधणे यात नवशिक्याची पुरेपूर कसोटी लागते. वीस लिटरचा माठ भरला की वीस किलोहून अधिक भार तिच्यावर पडतो. पाय लंगडा असेल तर पाणी सांडून तो बोभाटा करतो, परंतु कोणाचे हाड मोडत नाही. चूक दिसावी, पण महाग पडू नये, हा शाळेतील वस्तूच्या निवडीचा माझा निकष आहे, आणि धावेइतकी कठोर व खेळण्याइतकी निरुपद्रवी अशी दुसरी वस्तू मला सुचली नाही.

प्रा. शाह यांच्या आक्षेपाचाही विचार यातच व्हावा. पहिल्या घडवंच्या शाळेच्या पाण्याच्या जागी, अंगणवाडीत, ग्रामपंचायतीच्या कचेरीत जाव्यात, आणि बाजारात कारागिराच्या भावाखाली एकही विकू नये. उलट गोंदियातील एखाद्या जुन्या वेल्डिंग कारागिराला रीतसर मानधन देऊन परीक्षक म्हणून बोलवावे, आणि त्याने नापास केलेला सांधा मुलाने ग्राइंडरने कापून पुन्हा भरावा. शाळासमितीने येत्या सत्रासाठी लोखंडाची मागणी नोंदविताना भंगारात जाणाऱ्या पट्ट्यांऐवजी पूर्ण लांबीचे अँगल मागवावेत, एवढीच माझी विनंती आहे.