मोकळ्या आवारातला पडदा : विद्यापीठांतील खुल्या चित्रपट-प्रदर्शनांचा इतिहास

प्रस्तावना

वसतिगृहासमोरच्या मैदानात पडदा बांधून दाखवलेला एखादा चित्रपट तुम्ही कदाचित पाहिला असेल. उन्हाळ्याची रात्र, खाली सतरंजी, मागे प्रोजेक्टर. अशा साध्या करमणुकीलाही इतिहास असतो. या घटकात आपण तीन प्रश्न विचारणार आहोत. हा पडदा उघड्यावर कसा आला? तो कोणत्या साधनांवर व संस्थांवर चालला? आणि त्याच्यासमोर बसायला कोणाला मिळाले? तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो, पण या विषयाचे खरे महत्त्व त्यातच आहे.

१. तंबूपासून आवारापर्यंत

भारतात चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. पण तो सर्वदूर पोहोचला तंबूमुळे. १९०२ मध्ये जमशेदजी मदन यांनी कोलकात्याच्या मैदानावर तंबूत खेळ सुरू केले. महाराष्ट्रात जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू टॉकीजची परंपरा अनेक दशके टिकली. म्हणजे कायमस्वरूपी चित्रपटगृहाबाहेर, गर्दीत बसून चित्रपट पाहणे आपल्याकडे नवे नव्हते.

मात्र एक फरक लक्षात घ्या. तंबूची कनात पावसासाठी कमी आणि फुकट्या प्रेक्षकाला अडवण्यासाठी जास्त होती. विद्यापीठाच्या मैदानात अशी कनात नव्हती. तिथे प्रवेश ठरवणारी गोष्ट होती ती आवाराचे मुख्य फाटक.

२. सोळा मिलिमीटरची क्रांती

चित्रपटगृहातली फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची असे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती बहुधा नायट्रेटची म्हणजे अतिज्वलनशील असल्याने प्रोजेक्टरसाठी अग्निरोधक खोली आवश्यक ठरे. कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये आणलेली १६ मिलिमीटरची फिल्म सहज पेट न घेणाऱ्या ॲसिटेटची होती. तिचा प्रोजेक्टर एका माणसाला उचलून नेता येई.

आकडे पाहा. दोन तासांच्या बोलपटाला ३५ मिलिमीटरची सुमारे १०,८०० फूट फिल्म लागते, तर १६ मिलिमीटरची सुमारे ४,३२० फूट. १,६०० फुटांचे एक रीळ साधारण ४४ मिनिटे चालते. एकच प्रोजेक्टर असेल तर दोन तासांच्या चित्रपटात दोनदा, अडीच तासांच्या चित्रपटात तीनदा रीळ बदलण्यासाठी थांबावे लागे. त्या काळातले प्रेक्षक या मध्यंतरांच्या आठवणी सांगतात, त्यामागचे कारण असे यंत्रात आहे.

३. अंधाराचे वेळापत्रक

उघड्यावरचा खेळ घड्याळापेक्षा सूर्यावर अवलंबून असतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. त्यामुळे मेच्या मध्यावर कोलकात्यात सूर्य सुमारे ६ वाजून १० मिनिटांनी मावळतो, तर मुंबई आणि दिल्लीत सातनंतर. पडद्यावरचे चित्र नीट दिसायला त्यानंतर आणखी अर्धा तास जावा लागतो. साहजिकच पश्चिमेकडच्या आवारात खेळ तासभर उशिरा सुरू होणार.

हवामानाचेही तसेच. बंगालमध्ये एप्रिल-मेच्या संध्याकाळी कालबैसाखीची वादळे येतात, मुंबईत जूनच्या पूर्वार्धात मोसमी पाऊस पोहोचतो, तर चेन्नईत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. म्हणून उघड्या पडद्याचा हंगाम देशभर एकसारखा असूच शकत नाही. तुमच्या भागात तो कोणता, हे आधी ठरवा.

४. संस्थांचा आधार

१९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५९ मध्ये देशभरातील सोसायट्यांचा महासंघ झाला आणि राय त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. संग्रहालयाच्या वितरण विभागातून तसेच परदेशी सांस्कृतिक केंद्रांकडून सोसायट्यांना १६ मिलिमीटरच्या प्रती मिळत. फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपटही महाविद्यालयांपर्यंत पोहोचत.

काही आवारांनी खुल्या खेळाला कायमची जागा दिली. याचे ठळक उदाहरण म्हणजे चेन्नईची आयआयटी. १९५९ मध्ये गिंडीच्या जंगलाला लागून ही संस्था उभी राहिली. तिथले ओपन एअर थिएटर आणि शनिवार रात्रीचा चित्रपट हा पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या आठवड्याचा भाग झाला. फिल्म सोसायटीचा प्रेक्षक जागतिक सिनेमा अभ्यासण्यासाठी येई, शनिवारचा प्रेक्षक मुख्यतः मजेसाठी. टाळ्या, शेरे आणि शिट्ट्या या दुसऱ्या प्रकारात अधिक. दोन्ही परंपरा विद्यापीठीय आहेत आणि इतिहासात दोघींनाही जागा हवी.

५. पडद्यासमोर कोण बसले?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ शैक्षणिक संस्थांना एक सवलत देते. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला तर कॉपीराइटचा भंग होत नाही. अट इतकीच की प्रेक्षक मर्यादित असावेत : कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामकाजाशी संबंधित व्यक्ती.

आता ही यादी मैदानावर आणून पाहा. मेसमध्ये भाकऱ्या-पोळ्या करणारी बाई, रात्रपाळीचा पहारेकरी आणि माळी हे संस्थेचेच. पण कर्मचारी वसाहतीतली मुले? आवारात बांधकामाला आलेले मजूर? फाटकाबाहेर चहाची टपरी चालवणारा? सभागृहात ओळखपत्र तपासता येते. मैदानात अंधार झाल्यावर मागच्या कठड्यावर कोण टेकले आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. खुल्या पडद्याचे सामाजिक मोल इथे आहे. नियमाने ज्यांचे नाव घेतले नाही, त्यांनाही तो दिसू शकत होता.

पण या चित्राला फार गोड करू नका. रात्री वसतिगृहात परतण्याच्या वेळेची बंधने मुलींवर मुलांपेक्षा कडक असत आणि अनेक ठिकाणी आजही आहेत. दहाला फाटक बंद होणार असेल तर साडेआठला सुरू झालेला चित्रपट तिने अर्ध्यातच सोडायचा. पडदा सर्वांसाठी मोकळा होता असे म्हणण्याआधी शेवटचे रीळ कोणाला पाहता आले, हे तपासा.

६. खोलीतला पडदा

१९८० च्या दशकात व्हिडिओ आला आणि चित्रपट वसतिगृहाच्या टीव्ही-खोलीत शिरला. पुढे संगणक, वसतिगृहाचे अंतर्गत जाळे आणि शेवटी मोबाइलमुळे पाहणे वैयक्तिक झाले. निवड वाढली, पण पोळ्या करणारी बाई आणि संशोधक विद्यार्थी एकाच विनोदाला हसतील अशी जागा कमी झाली. दुसरीकडे, डिजिटल प्रोजेक्टर स्वस्त झाल्यामुळे मैदानातला खेळ पुन्हा शक्य झाला आहे. तो कोणासाठी असेल, हे यंत्र ठरवत नाही. ते तुम्ही ठरवता.

सारांश

खुल्या प्रदर्शनामागे तंबूची जुनी सवय, १६ मिलिमीटरचे हलके यंत्र, अंधार व ऋतू, फिल्म सोसायट्या आणि कायद्यातील सवलत असे अनेक घटक आहेत. मात्र कागदपत्रांत बहुधा चित्रपटाचे नाव, तारीख आणि भाडे एवढेच उरते. मागच्या कठड्यावरचा प्रेक्षक तिथे सापडत नाही. तो माणसांच्या आठवणीत आहे, आणि १९७० च्या दशकात रिळे बदलणारी माणसे आज वृद्ध झाली आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या संस्थेच्या जुन्या वार्षिक अंकांतून व जमाखर्चाच्या वह्यांतून चित्रपट-प्रदर्शनांच्या नोंदी शोधा.

२. निवृत्त शिक्षकेतर कर्मचाऱ्यांपैकी दोघांची, त्यांच्या संमतीने, मुलाखत घ्या. ते कुठे बसत, सोबत कोण असे, हे विचारा.

३. त्याच काळातील एका माजी विद्यार्थिनीची आठवण नोंदवा आणि तिन्ही साधनांत काय जुळते, काय जुळत नाही ते लिहा.